ग्रीक बेटांवरचे प्राचीन अवशेष: काय आधी, काय नंतर आणि किती वाजता

ग्रीक बेटांच्या सहलीचा आराखडा बहुतेकांचा एकाच जागी बिघडतो. आधी बेटं ठरतात, मग हॉटेलं, मग सूर्यास्त बघायची जागा. प्राचीन अवशेष उरल्यासुरल्या वेळेत कोंबले जातात आणि तो वेळ नेमका दुपारी बारा ते तीन असतो. मिकोनोसजवळच्या डेलोससारख्या उघड्या, अवशेषांनी भरलेल्या बेटावर त्या वेळी सावली शोधून सापडत नाही. मग दहा मिनिटं दगड बघून, दगडी सिंहांपुढे फोटो काढून, "नुसते दगडच तर आहेत" म्हणत मंडळी बोटीकडे वळतात. चूक दगडांची नसते, क्रमाची असते.

खालचे टप्पे एका ठरावीक मार्गासाठी आहेत: अथेन्स, मिकोनोस (डेलोससाठी), नाक्सोस, सँटोरिनी आणि शेवटी क्रीट. निवांत करायचा तर नऊ-दहा रात्री हाताशी हव्यात. वेळ कमी असेल तर नाक्सोस गाळा. डेलोस आणि क्रीट गाळू नका.

## टप्पा १: विमानाचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा

या कामासाठी दोन हंगाम चांगले: एप्रिलअखेर ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. मुलांची मे महिन्याची सुट्टी यात आपसूक बसते. दिवाळीच्या सुट्टीचं तसं नाही. ऑक्टोबर संपता संपता बोटी कमी होतात, डेलोसच्या फेऱ्या हिवाळ्यापुरत्या थांबतात आणि उघडी राहतात ती बरीचशी स्थळं दुपारी साडेतीनलाच बंद होतात. दिवाळीतच जायचं असेल तर बेटांची माळ सोडा आणि फक्त क्रीट करा. तिथला क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि इराक्लिओ शहरातलं संग्रहालय वर्षभर चालू असतं.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. ऊन हे एक कारण, मेल्तेमी हे दुसरं. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा हा वारा जोरात आला की लहान बोटी रद्द होतात. उष्णतेची लाट आली तर सरकार मोठी स्थळं दुपारी, साधारण बारा ते पाच, बंद ठेवतं. हातात तिकीट असलं तरी बाहेरच थांबावं लागतं.

बंद दिवस: १ जानेवारी, २५ मार्च, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर. ग्रीसमधला ईस्टर आपल्याकडच्या कॅलेंडरात छापलेल्या ईस्टरपेक्षा बहुतेक वेळा वेगळ्या तारखेला येतो. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे, म्हणजे १ मेच्या दुसऱ्याच दिवशी. तो शनिवार-रविवार प्रवासासाठीही ठेवू नका, कारण १ मे रोजी फेरी बोटीसुद्धा अनेकदा संपामुळे उभ्या असतात.

फुकट दिवस: ६ मार्च, १८ एप्रिल, १८ मे, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, २८ ऑक्टोबर आणि नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याचा पहिला रविवार. चार जणांच्या कुटुंबाचे बरे पैसे वाचतात, पण क्नोसोसला त्या दिवशी गर्दीच बघून यावं लागेल.

व्हिसाबद्दल दोनच गोष्टी. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: कोस, रोड्स किंवा सामोसवरून समोरच तुर्कस्तान दिसतो आणि धक्क्यावरचे एजंट एका दिवसाची सहल विकत असतात. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तिकडे गेल्यावर ग्रीसमध्ये परत येता येणार नाही. बोटीत बसण्याआधी व्हिसावर प्रवेशांची संख्या वाचा.

## टप्पा २: बेटांचा क्रम लावा आणि एक दिवस मोकळा ठेवा

उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. मिकोनोस आधी, क्रीट शेवटी. वारा पाठीशी राहतो, त्यामुळे बोट त्यातल्या त्यात कमी हलते. शिवाय क्रीटहून अथेन्सला विमानाने परत येता येतं, त्यामुळे परतीचं आंतरराष्ट्रीय विमान समुद्राच्या लहरीवर अवलंबून राहत नाही.

मिकोनोसला पोहोचाल त्याच्या दुसऱ्याच दिवशी डेलोस ठेवा, शेवटच्या दिवशी नाही. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर हाताशी आणखी एक दिवस असला पाहिजे. तोही गेला, तर हंगामात नाक्सोस आणि पारोसहूनही डेलोसच्या सहली निघतात. त्यात बेटावर वेळ कमी मिळतो, पण अगदी न बघण्यापेक्षा बरं.

फेरी दोन जातींच्या असतात. वेगवान कॅटामरान महाग, बंदिस्त आणि वाऱ्यात आधी रद्द होणारी. मोठी, संथ, गाड्या घेऊन जाणारी फेरी स्वस्त असते, डेकवर बसता येतं आणि बऱ्याच वाऱ्यातही निघते. बोट लागणारं कुणी बरोबर असेल तर डोळे मिटून मोठी निवडा.

नेहमीच्या चुका:

- अथेन्सला तीन बंदरं आहेत: पिरेअस, राफिना आणि लाव्रिओ. तिकीट राफिनाचं आणि टॅक्सी पिरेअसला, असं खरंच होतं. विमानतळावरून थेट मिकोनोसला निघायचं असेल तर राफिना जवळ पडतं.
- पिरेअस अवाढव्य आहे. तिकिटावरचा गेट क्रमांक आदल्या दिवशी पुन्हा बघा. एका गेटपासून दुसरं चालत अर्धा तासही असू शकतं.
- फेरीच्या तिकिटावर सँटोरिनीचं नाव "थिरा" असं येतं. चुकीचं तिकीट निघालं म्हणून घाबरू नका.
- परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या दिवशी सकाळची फेरी ठेवू नका. आदली रात्र अथेन्समध्येच काढा.

## टप्पा ३: तिकिटं, पण कुठून आणि कशाची

मोठ्या स्थळांची तिकिटं ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या 'हेलेनिक हेरिटेज' या अधिकृत ई-तिकीट साइटवर मिळतात. शोधयंत्रात पहिल्या चार-पाच ओळींत दिसतात त्या बहुतेक दलालांच्या साइट असतात. तेच तिकीट त्या ऑडिओ गाइड जोडून चढ्या भावाने विकतात.

डेलोससाठी दोन वेगळी तिकिटं लागतात: एक बोटीचं, एक स्थळाच्या प्रवेशाचं. बोटीचं घेऊन "झालं एकदाचं" म्हणणारे लोक बेटावर उतरल्यावर दुसऱ्या रांगेत उभे राहतात आणि मोजक्या वेळातला अर्धा तास तिथेच घालवतात.

ज्येष्ठांसाठी सूचना: पासष्ट वर्षांवरच्यांची सवलत युरोपीय नागरिकांपुरती आहे. आईबाबांचं तिकीट पूर्ण दराने धरा. मुलांच्या वयाची सवलत मात्र पासपोर्ट दाखवून मिळू शकते, त्यामुळे पासपोर्टची प्रत जवळ असू द्या.

तपासा: प्रत्येक स्थळाचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस वेगळा असतो आणि हंगामागणिक बदलतो. मंगळवार विशेष संशयाचा. एका कागदावर स्थळ, वार आणि बंद होण्याची वेळ असे तीन रकाने करा आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी अधिकृत साइटवरून भरा. सहा महिन्यांपूर्वी कुठल्या ब्लॉगवर वाचलेल्या वेळा धरू नका.

## टप्पा ४: अथेन्समधली एक सकाळ, बेटांसाठी

अथेन्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय अनेक जण परतीच्या दिवसासाठी ठेवतात. या मार्गासाठी ते उलटं आहे. सँटोरिनीवरच्या अक्रोतिरी या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन गावातून निघालेली भित्तिचित्रं, मुष्टियुद्ध करणारी मुलं, हरणं, लिलीची फुलं आणि पाकोळ्यांची वसंताची खोली, इथे वरच्या मजल्यावर आहेत. अक्रोतिरीत त्या भिंती कोऱ्या दिसतात. चित्र आधी डोक्यात असेल तर त्या भिंतीपुढे उभं राहण्याला अर्थ येतो.

दोन तास द्या. आख्खं संग्रहालय बघायच्या फंदात पडू नका, तळमजल्यावरचा मायसिनी (मुख्य भूमीवरच्या कांस्ययुगीन संस्कृतीचा) विभाग आणि वरची भित्तिचित्रं एवढंच.

## टप्पा ५: पिशवीत काय हवं

- माणशी दीड-दोन लिटर पाणी. सँटोरिनीत नळाचं पाणी पीत नाहीत, त्यामुळे तिथे बाटली विकत घ्यावी लागते.
- मागे पट्टा असलेली आणि तळ घट्ट धरणारी पादत्राणं. शतकानुशतकं पाय पडून संगमरवर गुळगुळीत झालेला असतो आणि कोरडा असतानाही सटकतो. उंच टाचांना प्राचीन स्थळांवर मनाईच आहे.
- हनुवटीखाली दोरी बांधता येईल अशी टोपी. छत्री वाऱ्यात उलटते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते.
- कोरडा खाऊ. स्थळाच्या आत खाता येत नाही, पण बोटीत आणि रांगेत उपयोगी पडतो. दशम्या आणि चिवडा इथे कुठल्याही एनर्जी बारपेक्षा सरस ठरतात.
- रोजची औषधं पाठीवरच्या पिशवीत. फेरीत मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावर ठेवाव्या लागतात आणि बोट चालू असताना तिथे जाता येत नाही.

ड्रोन घरीच ठेवा. तिपाई लावायलाही परवानगी लागते.

## टप्पा ६: आत शिरण्याआधी, अवशेष कसे वाचायचे

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. लोक खांब शोधतात, कारण उभे तेवढे खांबच दिसतात. पण उभा खांब अनेकदा विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला असतो. जमीन मात्र पुष्कळदा जिथल्या तिथे असते.

सह्याद्रीत किल्ले फिरलेल्यांना हे नव्याने शिकवायला नको. राजगडावर वाड्याचं जोतं, टाकं, चोरदरवाजा आपण भिंतीशिवाय ओळखतो. तीच नजर इथे वापरायची. क्रम असा:

१. रस्ता शोधा. फरसबंदी कुठून कुठे जाते, कुठे रुंद होते, कुठे वळते. रस्ता रुंद झाला तिथे बहुधा चौक किंवा बाजार.

२. उंबरठे बघा. लांब, सपाट दगड आणि त्याच्या टोकांना गोल खळगे. त्या खळग्यांत दार फिरायचं. खळगे दोन असतील तर दार दुपाखी. उंबरठा सापडला की आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे कळतं, आणि दगडांच्या ढिगाचं घर होतं.

३. पाणी कुठून आलं, कुठे गेलं? टाकं, विहिरीचं तोंड, भिंतीतून उतरणारी पन्हळ, रस्त्याखालचं झाकलेलं गटार. कोरड्या बेटांवर घराची श्रीमंती टाक्यावरून कळते.

४. जिना. दोन-तीन पायऱ्या वर जाऊन हवेत संपत असतील तर वर मजला होता.

५. नवं कुठलं, जुनं कुठलं? पांढराशुभ्र संगमरवरी तुकडा, सिमेंटची सरळ कड, एकसारखा रंग, ही सगळी अलीकडच्या डागडुजीची खूण.

६. खांब आणि मूर्ती शेवटी.

फोटोंसाठी एक सवय लावून घ्या: प्रत्येक वास्तूपाशी आधी माहितीफलकाचा फोटो, मग वास्तूचे. नाहीतर घरी आल्यावर शेकडो दगडांचे फोटो असतात आणि कुठला कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ७: डेलोस

मिकोनोसला दोन बंदरं आहेत. मोठ्या फेरी शहराबाहेर तूर्लोसच्या नव्या बंदरावर लागतात. डेलोसच्या बोटी जुन्या बंदरावरून, गावाला लागूनच निघतात. सकाळची पहिली बोट धरा. प्रवास अर्ध्या तासाचा. बेटावर मुक्कामाला बंदी आहे, त्यामुळे उतरताक्षणी परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ खलाशाला विचारून फोनवर गजर लावा.

उतरल्यावर सगळा लोंढा डावीकडे, सिंहांच्या दिशेने वळतो. तुम्ही उजवीकडे वळा. पुढचा तासभर गल्ल्यांमध्ये तुमच्यासोबत फारसं कुणी नसेल.

(अ) नाट्यगृहाकडची वस्ती. अरुंद चढत्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना घरं. टप्पा ६ मधली सगळी उजळणी इथे करा, कारण बेटावर यापेक्षा सोपी जागा नाही. डायोनायससच्या घरातलं मोझेइक बघा: चित्त्यासारख्या श्वापदावर बसलेला मद्यदेव डायोनायसस, आणि दगडाचे तुकडे इतके बारीक की लांबून रंगवल्यासारखं वाटतं. जवळच क्लिओपात्राचं घर आहे. ही इजिप्तची राणी नव्हे, तर नवऱ्याचा आणि स्वतःचा पुतळा दारात उभा करणारी इथलीच एक बाई. दोन्ही पुतळ्यांची डोकी गेली आहेत.

(आ) नाट्यगृह आणि त्याचं टाकं. लोक नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर फोटो काढून निघून जातात. खाली पश्चिमेला असलेलं टाकं चुकवू नका. वरच्या दगडी कमानी अजून तशाच आहेत. नाट्यगृहावर पडलेला पाऊस इथे साठवला जायचा.

(इ) किंथोस टेकडी. उंची सुमारे ११३ मीटर, वर दगडी पायऱ्या. गुडघ्यांची तक्रार नसेल आणि ऊन चढायच्या आत पायथ्याशी असाल तरच चढा. वारा जोरात असेल तर वरच्या टप्प्यावर मुलांचा हात धरा. चढायचं नसेल तर अर्ध्यावरच्या इसिस या इजिप्शियन देवीच्या देवळापर्यंत जा. तेवढा चढ सोपा आहे आणि तिथूनही सगळं बेट समजतं.

(ई) संग्रहालय. खाली उतरताना ते उघडं आहे का बघा. उघड्यावर दिसणारे सिंह प्रतिकृती आहेत, मूळचे संग्रहालयात हलवलेले आहेत.

(उ) सिंह आणि पवित्र तळं. तळं म्हणजे आता ताडाचं झाड असलेला कोरडा गोल. हिवतापाच्या भीतीने ते विसाव्या शतकात बुजवलं गेलं. इथे पोहोचाल तोवर सकाळचा लोंढा ओसरलेला असतो.

(ऊ) पवित्र रस्त्याने धक्क्याकडे परत.

एकूण तीन तास लागतात. दीड तासाची गाइडेड टूर घेतली असेल तर त्यात (अ) आणि (उ) एवढंच होतं. टूर संपल्यावर उरलेलं स्वतः करता येईल अशी परतीची बोट निवडा.

सावध: दोरी लावलेल्या भागात पाऊल टाकू नका. रक्षक शिट्टी वाजवतात आणि ती शिट्टी सगळ्या बेटाला ऐकू जाते. जमिनीवर खापराचे तुकडे सर्रास दिसतात, पण उचलून पाहायचे नाहीत. खिशात घालणं हा तर फौजदारी गुन्हा आहे.

## टप्पा ८: नाक्सोस, थोडक्यात

बंदरालगतच्या टेकाडावरचा पोर्तारा हा संगमरवरी दरवाजा कधीही, फुकट बघता येतो. संध्याकाळी तिथे सगळं गाव जमतं, म्हणून सकाळी जा. सांग्रीजवळचं डिमीटरचं देऊळ अर्ध्या दिवसात होतं. आपोलोनासच्या खाणीत सुमारे साडेदहा मीटर लांबीचा अपुरा पुतळा आडवा पडला आहे, पण रस्ता वळणांचा आणि लांबचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी तो सोडलेला बरा.

## टप्पा ९: सँटोरिनी, उन्हाचं गणित

इथे दोन स्थळं आहेत आणि बहुतेक लोक ती उलट्या क्रमाने बघतात. अक्रोतिरीवर मोठं छप्पर आहे, म्हणून तिथे भर दुपारीही फिरता येतं. प्राचीन थिरा डोंगरावर, पूर्ण उघडं. म्हणून सकाळी प्राचीन थिरा, दुपारी अक्रोतिरी.

सकाळ: प्राचीन थिरा. कामारीहून नागमोडी रस्ता डोंगराच्या खिंडीपर्यंत जातो. लहान व्हॅनही वर जातात. खिंडीपासून पुढे पायी चढ आहे. दुसऱ्या बाजूने पेरिस्सातून पायवाट येते. ती उन्हाची आणि सैल खडीची आहे, उतरताना जास्त त्रास देते. वर पाण्याची भिस्त ठेवू नका. वारा इतका असतो की कड्याच्या बाजूला फोन हातात घट्ट धरावा लागतो. हे स्थळ दुपारी लवकर बंद होतं, म्हणूनही सकाळच बरी.

मध्ये: फिरा हे बेटाचं मुख्य गाव. बेटावरच्या सगळ्या बस फिरामधूनच सुटतात, त्यामुळे तुम्हाला तिथे यावंच लागणार. बसथांब्याजवळच प्रागैतिहासिक थिराचं संग्रहालय आहे. निळ्या माकडांचं भित्तिचित्र इथे आहे. तासाभरात होतं.

दुपार: अक्रोतिरी. मजल्यांची घरं, जाडजूड रांजण, मधून तडकलेला दगडी जिना. भूकंपाने दुभंगलेल्या त्या पायऱ्या या स्थळाची सगळ्यात बोलकी वस्तू आहेत. त्रिकोणी चौकातल्या पश्चिम घरात वरच्या मजल्यावर शौचकूप आहे आणि त्याचा नळ भिंतीतून खाली गटारात उतरतो. तो शोधून बघा. इटलीतल्या पाँपेईत राखेत गाडल्या गेलेल्या माणसांचे साचे आहेत, तसे इथे शोधू नका. इथे सांगाडे सापडलेले नाहीत, उद्रेकाआधी लोक निघून गेले होते.

फलक मोजकेच आहेत. गाइड घ्यायचा तर तो इथे घ्या. डेलोसला एक वेळ चालेल, पण अक्रोतिरीत मचाणावरून खाली बघताना काय बघतोय हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. गळ्यातला परवाना बघा. ग्रीसमध्ये प्राचीन स्थळांवर परवानाधारकांनाच गाइड म्हणून काम करता येतं.

सावध: अक्रोतिरीपासून चालत लाल किनारा लागतो. वरून दरड कोसळते आणि तसे फलक लावलेले आहेत. फलकापलीकडे लोक बसलेले दिसतील. म्हणून तुम्ही जायला हवं असं नाही.

## टप्पा १०: क्रीट

हंगामात सँटोरिनीहून इराक्लिओला वेगवान बोट आहे. शहरात दोन रात्री तरी राहा. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे, त्यामुळे "हानियाला राहून क्नोसोस उरकू" हा बेत दिवसभर बसमध्ये घालवतो.

आदली संध्याकाळ: इराक्लिओचं पुरातत्त्व संग्रहालय. क्नोसोसच्या आधी हे करा. राजवाड्याची लाकडी प्रतिकृती इथे आहे. तिच्यासमोर पाच मिनिटं उभे राहून मधला चौक, पश्चिमेकडची कोठारं आणि पूर्वेकडचा मोठा जिना एवढं मनात बसवा. फायस्तोसची चकती, म्हणजे चिन्हं उमटवलेली मातीची तबकडीही इथेच आहे. मूळ भित्तिचित्रं इथे आहेत, क्नोसोसला लावलेल्या त्यांच्या प्रती आहेत.

सकाळ: क्नोसोस. शहरापासून पाच किलोमीटर, शहर बस जाते. दार उघडताना तिथे हजर राहा. सहलींच्या बस साडेनऊनंतर येऊ लागतात. आत शिरल्यावर पश्चिम चौकात रेंगाळू नका. सरळ मधल्या चौकात जा आणि सिंहासनाच्या खोलीची रांग आधी संपवा. ती रांग दहा वाजता तासाची होते. नंतर उलट फिरा: मोठ्या जिन्याची बाजू, रांजणांची कोठारं, उत्तर दाराचा बैल, आणि शेवटी पश्चिम चौकातले गोल खड्डे.

लाल खांब, वरचे मजले, रंगीत भिंती हे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने १९०० नंतर उत्खनन करताना उभारलेलं आहे आणि बरंचसं काँक्रीट आहे. काहींना ते खटकतं. माझं मत, पहिल्यांदा येणाऱ्याला त्याचा उपयोगच होतो. फक्त जुनं कुठे संपतं आणि काँक्रीट कुठे सुरू होतं ते डोळ्यांनी वेगळं करत चला.

दुसरा दिवस: फायस्तोस, क्नोसोससारखाच आणखी एक प्राचीन राजवाडा. साठेक किलोमीटर दक्षिणेला, गाडीने तासाभराहून थोडं जास्त. वाटेत गोर्तिना लागतं. तिथे नाट्यगृहामागच्या भिंतीवर कायदा कोरलेला आहे आणि त्याच्या ओळी नांगराच्या तासांसारख्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जातात. फायस्तोसला काँक्रीट जवळपास नाही. क्नोसोस आधी बघितलं असेल तर चौक, कोठार आणि जिना तुम्ही फलक न वाचता ओळखाल. उलट क्रमाने गेलात तर फायस्तोस मुकं वाटतं.

गाडी स्वतः चालवायची असेल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. भारतीय परवान्याबरोबर तो लागतो. तिथे गाडी उजव्या बाजूने चालवतात. पहिला तास शहराबाहेरच्या रस्त्यावर सराव करा, इराक्लिओच्या गल्ल्यांत नको.

## मार्ग वेगळा असेल तर

रोड्सचं लिंदोस, टेकडीवरचा प्राचीन बालेकिल्ला: सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. पायऱ्या घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, उतरताना भिंतीच्या बाजूने चाला.

कोसचं अस्क्लेपिओन, आरोग्यदेवतेचं प्राचीन उपचारस्थान: तीन गच्च्यांचं स्थळ. सगळ्यात खालच्या गच्चीपासून सुरुवात करून वर जा.

सामोसचा युपालिनोसचा बोगदा: पाणी आणण्यासाठी डोंगरातून खोदलेला, १,०३६ मीटर लांब, आत अरुंद. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी छोटा मार्ग निवडावा किंवा बाहेरच थांबावं. जवळचं हेराचं देऊळ त्याच दिवशी होतं.

एकच दिवस हातात असेल तर एजिना: पिरेअसहून बोट, मग आया मारिनाकडे जाणारी बस आफाइयाच्या देवळाजवळ सोडते. संध्याकाळी अथेन्सला परत. परतीच्या बसची वेळ देवळापाशी उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा, नंतरची बस बरीच उशिरा असते.

## निघताना पिशवी एकदा उलटी करा

मुलांच्या खिशात, कॅमेऱ्याच्या पिशवीच्या कोपऱ्यात, बुटात, कुठे ना कुठे खडा किंवा खापराचा तुकडा निघतोच. स्थळावरून बाहेर पडण्याआधीच तिथल्या तिथे ठेवून द्या, विमानतळावर "मुलाने उचललं" हे उत्तर चालत नाही. संग्रहालयाच्या दुकानातून प्रतिकृती घेतली असेल तर पावती वस्तूसोबतच गुंडाळा आणि दोन्ही हातातल्या सामानात ठेवा.